चौदा सुरांचा मानकरी

द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत ट्यूबा वाजवणाऱ्याच्या वाट्याला सगळे मिळून 14 सूर येतात. सिंफनी चार भागांची, जवळजवळ पाऊण तासाची. पहिल्या भागात हा गडी मांडीवर वाद्य घेऊन नुसता बसलेला. तिसऱ्यात तसाच. चौथ्यात पितळी वाद्यं कडाडत असतात, शेजारचे ट्रॉम्बोनवाले घामाघूम झालेले असतात, तरी हा गप्पच. काय ते 14 सूर दुसऱ्या भागात, म्हणजे ‘लार्गो’त, आणि तेही तिसऱ्या ट्रॉम्बोनच्या जोडीने. एकट्याचा असा एकही नाही.

एखाद्या हिशेबी व्यवस्थापकाने हे सूर केव्हाच कापले असते. द्वोर्झाकने ते लिहिले, कारण ते नसतील तर काय जाईल हे त्याला ठाऊक होतं. ‘न्यू वर्ल्ड’ या नावाने ओळखली जाणारी ही सिंफनी 16 डिसेंबर 1893 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली, अँटोन झाइडल यांच्या संचालनाखाली. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण अमेरिकेविषयी लिहितात: कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं, ‘हायवाथा’ काव्यातलं नृत्य, चेक माणसाची घरची ओढ. ते सगळं आहेच. पण मला ही सिंफनी आवडते ती वेगळ्याच कारणासाठी. ती वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसून वर्षं काढलेल्या माणसाने लिहिलेली आहे, आणि ते पानोपानी ऐकू येतं.

प्रागजवळच्या नेलाहोझेवेस गावात 1841 साली द्वोर्झाकचा जन्म झाला. बाप खाटीक आणि खानावळवाला. 1859 साली प्रागच्या ऑर्गन स्कूलमधून पोरगा शिकून बाहेर पडला तेव्हा त्याच्या पदवीची कुणी वाट पाहत नव्हतं. तो कोमझाक नावाच्या बँडमास्तरच्या ताफ्यात व्हायोला वाजवायला लागला. खानावळीत वाजवायचं, नाचाला वाजवायचं. 1862 साली प्रागला प्रोव्हिजनल थिएटर उघडलं आणि हाच ताफा तिथल्या वाद्यवृंदाचा गाभा झाला. द्वोर्झाक तिथे 1871 पर्यंत होता. फेब्रुवारी 1863 मध्ये खुद्द वाग्नर प्रागला येऊन आपलं संगीत वाजवून घेऊन गेला, त्या वादकांत हा होता. पुढे 1866 पासून समोर काठी घेऊन स्मेटाना उभा. पगार बेताचा, म्हणून फावल्या वेळात पियानोच्या शिकवण्या. आज ज्याला ‘पदवीधर वादकांसाठी वाद्यवृंद-प्रशिक्षण’ म्हणतात आणि ज्यासाठी जगभर शिष्यवृत्त्या असतात, ते या माणसाने नोकरीतच उरकलं.

आणि वाद्य कुठलं, तर व्हायोला. व्हायोलिनहून अंगाने मोठा, आवाजाने जरा घोगरा, आणि चाल जवळजवळ कधीच न मिळणारा. वरून व्हायोलिन गात असतात, खालून चेलो आणि बास. व्हायोलावाला मधल्या मजल्यावर भरणा करत बसलेला. पण सगळं नीट ऐकू येतं ते तिथूनच. ओबोवाला श्वास कुठे घेतो, हॉर्नवाला कुठल्या सुराआधी दबकतो, टिंपनीवाला मोजताना पाय हलवतो की ओठ, हे त्या खुर्चीवरून कळतं. नऊ वर्षं ते ऐकलेल्या माणसाच्या हातात पुढे लेखणी आली.

आता लार्गोच्या तोंडाशी जाऊ. पहिला भाग संपतो तो ई मायनरमध्ये. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन. लार्गो आहे डी-फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे काळी एक. पट्टी सरळ बदलून टाकायला हरकत नव्हती; दोन भागांच्या मध्ये थांबा असतोच, लोक खोकूनही घेतात. पण द्वोर्झाक पांढरी तीनवरून काळी एकवर आपल्याला हाताला धरून नेतो, सात स्वरसंवादांत. क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि तळाला आपला ट्यूबा. सगळे खालच्या आवाजात, सगळे एकदम. पहिला स्वरसंवाद अजून आधीच्या घरातला असतो. पुढच्या दोन-तीनांत जमीन सरकते, कुठे चाललो आहोत ते कळेनासं होतं, आणि सातव्याला दार उघडावं तसा डी-फ्लॅटचा षड्ज समोर येतो. अर्ध्या मिनिटाचं काम. आपल्याकडे षड्ज हलला की श्रोता अस्वस्थ होतो. इथे षड्ज हलवणं हाच सगळा रस आहे.

हे सात स्वरसंवाद वाजवणं किती अवघड आहे, ते नुकत्याच पदवी घेतलेल्या ट्रॉम्बोनवाल्याला विचारावं. एकही सूर त्याच्या हाताला जड नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ते सूर काढेल. अडचण सुरेलपणाची आहे, आणि ती एकट्याने सोडवता येत नाही. पियानोवरचा गंधार शुद्ध स्वरसंवादातल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तंबोरा उत्तम जुळला की त्यातून जो गंधार आपोआप उमटतो, तो पियानोवर नाही. विद्यार्थी चार-पाच वर्षं पियानोच्या साथीने एकल वादनाच्या परीक्षा देतो, त्या गंधाराची कानाला सवय होते. मग वाद्यवृंदात येऊन बसतो आणि पहिल्याच स्वरसंवादात त्याच्या हाती गंधार येतो. आता त्याने तो उतरवायचा. किती, ते कागदावर लिहिलेलं नसतं. डावीकडच्या हॉर्नचा पंचम आणि खालचा ट्यूबाचा षड्ज ऐकून उतरवायचा. पुढच्या स्वरसंवादात त्याचाच सूर पंचम झालेला असतो, की पुन्हा वेगळा हिशेब. सात वेळा. स्वरसंवाद बसला की ध्वनी एकदम रुंद होतो, आवाज न वाढवता वाढल्यासारखा वाटतो. नाही बसला, तर सूर सगळे बरोबर असूनही काहीतरी आंबट लागतं.

ट्यूबाच्या 14 सुरांचं मोल इथे कळतं. बाकीच्यांनी ज्याच्यावर कान ठेवायचा, तो तळ त्याचा. म्हणून त्या माणसाला बोलावून आणायचं, बसवून ठेवायचं, आणि पहिला सूर थंड पडलेल्या वाद्यातून, हलक्या आवाजात, बिनचूक मागायचा. पितळेचं वाद्य न वाजवता ठेवलं की गार होतं आणि गार वाद्य उतरतं. म्हणून जाणता वादक वाजवायच्या आधी वाद्यात नुसता ऊबदार श्वास सोडत राहतो, आवाज न करता. हे कुठल्या अभ्यासक्रमात असतं? शेजारी बसलेला म्हातारा करत असतो ते बघून पोरं शिकतात.

मग व्हायोलिनांची मऊ गादी पसरते. तारांवर घोडीजवळ सोर्डिनो बसवलेला, त्यामुळे आवाजाची धार गेलेली. आणि तिच्यावर इंग्लिश हॉर्न. नाव हॉर्न असलं तरी हे ओबोच्याच घरातलं, थोडं लांब, बोंडासारखं तोंड असलेलं, खर्जाकडे झुकलेलं वाद्य. त्याची ती चाल जगप्रसिद्ध आहे. मराठी कानाला ती पहिल्याच फटक्यात आपली वाटते, कारण तिचा पहिला पदर निव्वळ भूपाचा आहे: गंधारावरून उचल, पंचमावर विसावा, तिथून पायरीपायरीने षड्जापर्यंत. मध्यम नाही, निषाद नाही. भूप ओळखला म्हणून आपण जरा खूश होतो न होतो, तोच दुसऱ्या पदरात चाल धैवतावरून वरच्या षड्जाला जाते आणि उतरताना शुद्ध निषादाला स्पर्श करते. भूप तिथे मोडतो. मला ती जागा फार प्रिय आहे. पाच सुरांत सुखाने नांदणाऱ्या चालीला तो निषाद लागतो आणि तिच्यात पहिल्यांदा काहीतरी मागणं येतं.

पुष्कळांना वाटतं ही एखाद्या अमेरिकन भक्तिगीताची चाल. प्रकार उलटा आहे. चाल द्वोर्झाकची, तिच्यावर ‘गोइंग होम’ हे शब्द त्याचा विद्यार्थी विल्यम आर्म्स फिशर याने 1922 साली बसवले, द्वोर्झाक जाऊन 18 वर्षं झाल्यावर. चाल इतकी सोपी की लोकांनी ती लोकगीतात जमा केली. संगीतकाराला याहून मोठी पावती नाही.

त्या इंग्लिश हॉर्नवाल्याची अवस्था पाहा. पहिला भाग दहा-बारा मिनिटांचा. तेवढा वेळ त्याचं हे वाद्य बाजूला. वेताची दुहेरी पत्ती त्याने स्वतः चाकूने तासून बांधलेली असते. ती ओली हवी, पण फार ओली नको. सात स्वरसंवाद संपले, तारांनी क्षणभर सूर धरला, आणि आता सबंध सभागृह त्याच्या एका श्वासाकडे डोळे लावून. घाबरून जोराने फुंकलं तर पत्ती चिरकते, हळू फुंकलं तर सूरच फुटत नाही. पण मी त्याच्याइतकंच ऐकतो ते त्याच्या खाली वाजणाऱ्यांना. तीसचाळीस तारवाले, प्रत्येकाच्या हातात भक्कम वाद्य, अंगात एकल वादनाची खुमखुमी, आणि सगळ्यांनी मिळून एका माणसाच्या फुंकेच्याही खाली राहायचं. शिवाय नुसतं हळू वाजवून चालत नाही. त्याला चालीच्या टोकाला श्वास कमी पडला, तर कळत-नकळत लय तितकीच आवरायची. दम असेल तर त्याला ओढू द्यायची. गायकाने तान लांबवली की जाणता तबलजी जसं ठेक्यात जागा करून देतो, ते इथे चाळीस जणांनी एकदम करायचं. न बोलता, आणि एकमेकांकडे न पाहता.

मधला भाग येतो तेव्हा षड्ज तोच राहतो, काळी एक, पण गंधार कोमल होतो. बासवाले बोटांनी खुडलेल्या सुरांची चाल धरतात आणि वर दोन क्लॅरिनेट हातात हात घालून जातात. त्या खुडलेल्या बासकडे कुणी लक्ष देत नाही. पण त्यातला एक जण जरी पाव मात्रा पुढे गेला, तरी क्लॅरिनेटची सगळी चाल लंगडते. मग एकाएकी ऊन पडल्यासारखा ओबो चिवचिवतो, गर्दी वाढत जाते, ट्रॉम्बोन पहिल्या भागातली मुख्य आकृती घेऊन मध्येच घुसतात, आणि क्षणभर सगळ्या आठवणी एकमेकांवर आदळतात. विझायलाही तितकाच वेळ लागतो.

आणि मग ती जागा, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. चाल परत येते. इंग्लिश हॉर्न ती सुरू करतो, पण पुढे ती तारांकडे जाते. तीही सगळ्यांकडे नाही, पुढच्या बाकांवरच्या मोजक्या वादकांकडे. ते चार सूर वाजवतात आणि थांबतात. शांतता. पुन्हा चार सूर, पुन्हा थांबा. चाल आपल्याला तोंडपाठ झालेली आहे, त्यामुळे ती थांबते तेव्हा उरलेली मनात आपणच गातो. द्वोर्झाकने त्या थांब्यांवर विरामाची खूण घातली आहे, म्हणजे किती थांबायचं ते मात्रांत मोजता येत नाही. पुन्हा एकत्र कसं निघायचं? पहिल्या बाकावरचा व्हायोलिनवाला श्वास घेतो, त्याच्या खांद्याची किंचित हालचाल होते, आणि बाकीचे त्या खांद्यावर निघतात. ध्वनिमुद्रिकेतही कान देऊन ऐकलं तर कधीकधी तो नाकातला श्वास ऐकू येतो. मला तो ऐकायला आवडतो. असे श्वास पुसून टाकलेल्या मुद्रिका मला आवडत नाहीत.

आमच्या खारबाव गावात हे ऐकायला एक अडचण आहे. वसई-दिवा मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच, पण मालगाड्या रात्रभर, आणि माझं घर रुळांपासून फार लांब नाही. लार्गो शेवटाकडे येतो तेव्हा एकटे डबल बास उरतात आणि चार पदरांत वाटलेला एक स्वरसंवाद इतक्या हळू धरतात, की पन्नास डब्यांची मालगाडी कामणहून निघाली असेल तरी तो बुडतो. तक्रार नाही. द्वोर्झाक स्वतः रेल्वेवेडा होता. प्रागच्या स्टेशनात जाऊन इंजिनांचे नंबर पाहत उभा राहायचा. त्याला ही साथ चालली असती.

त्या शेवटच्या स्वरसंवादाबद्दल एक आपल्या घरची गोष्ट. मी ही सिंफनी बहुतेक वेळा झुबिन मेहतांनी लॉस एंजलिस फिलहार्मॉनिकसोबत केलेल्या ध्वनिमुद्रणात ऐकतो. झुबिन 1954 साली मुंबईहून व्हिएन्नाला गेले ते कंडक्टर व्हायला, पण तिथल्या अकादमीत त्यांनी वाद्य घेतलं ते डबल बास. पुढे जगभर काठी फिरवणारा हा माणूस तरुणपणी शेवटच्या रांगेत उभं राहून तळाचे सूर धरायला शिकला. द्वोर्झाकचा व्हायोला आणि झुबिनचा बास यांत मला एक नातं दिसतं.

पण खरी गोष्ट झुबिनच्या वडिलांची आहे. मेहली मेहता, जन्म मुंबई, 1908. व्हायोलिनचं वेड लागलं त्या काळात मुंबईत वाद्यवृंदात वाजवायला शिकवणारी शाळा नव्हती, आणि शिकलेल्याला वाजवायला कायमचा वाद्यवृंदही नव्हता. तेव्हा त्यांनी वाद्यवृंद आधी काढला: 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा. पुढे 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. आधी संस्था, मग शिक्षण, असा उलटा प्रवास. 1945 साली, बायको तेहमिना आणि झुबिन-झरीन ही दोन मुलं मुंबईत ठेवून, हे सदतीस वर्षांचे गृहस्थ न्यूयॉर्कला इव्हान गलामियान यांच्याकडे विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि काही वर्षं तिथे राहिले. घरात दोन पोरं, गावात स्वतःचा वाद्यवृंद, आणि हा माणूस दूरदेशी गजाचा हात पहिल्यापासून सुधारतोय. पुढे मुंबई सोडली ती मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रासाठी. बार्बिरोली यांच्या हाताखाली 1955 पासून काही वर्षं पुढच्या बाकांवर. तिथून फिलाडेल्फियाचं कर्टिस क्वार्टेट. आणि 1964 साली लॉस एंजलिस.

तिथे छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी जे काढलं, ते मागे आलेल्या वाद्यवृंद-प्रशिक्षणाचंच उदाहरण: अमेरिकन यूथ सिंफनी. शिकत असलेल्या किंवा नुकत्याच शिकून निघालेल्या वादकांचा वाद्यवृंद. कार्यक्रम विनामूल्य. त्याच शहरात मुलगा मोठ्या फिलहार्मॉनिकचा प्रमुख, आणि बाप उद्याच्या फिलहार्मॉनिकवाल्यांची तयारी करून घेतोय. 1998 पर्यंत, म्हणजे नव्वदीला टेकेपर्यंत, मेहली तिथे उभे होते. त्यांच्या हाताखालून गेलेले वादक अमेरिकेतल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांत विखुरले. 2002 मध्ये मेहली गेले. संस्था मात्र 2024 साली बंद झाली.

ही तयारी म्हणजे नक्की काय, हे एकल वादनाच्या वर्गात कळत नाही. वाद्यवृंदात जागा मिळवायची परीक्षा अजब असते. बऱ्याच ठिकाणी उमेदवार पडद्यामागे वाजवतो, परीक्षकांना तो दिसत नाही. वाजवायचे असतात वाद्यवृंदातल्या कृतींचे ठरलेले तुकडे. व्हायोलिनवाल्याला श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान, बासरीवाल्याला मेंडेल्सोनचा ‘मिडसमर’मधला स्केर्त्सो, इंग्लिश हॉर्नवाल्याला अर्थातच हा लार्गो. मी म्हणेन यातच घोळ आहे. लार्गोची चाल पडद्यामागे एकट्याने वाजवून दाखवता येते. पण ती खाली चाळीस जण असताना वाजवणं, किंवा त्या चाळीसांतला एक होणं, हे पडद्यामागे तपासताच येत नाही. म्हणून परीक्षा पास झालेलाही पहिल्या हंगामात गडबडतो.

अशाच तयारीसाठी शिकागोत फ्रेडरिक स्टॉक यांनी 1919 साली सिव्हिक ऑर्केस्ट्रा काढला. पहिल्या महायुद्धापर्यंत अमेरिकेचे वाद्यवृंद जर्मनीतून आलेल्या वादकांवर चालत. युद्धाने ती वाट बंद झाली आणि घरची माणसं तयार करणं भाग पडलं. कारायानने 1972 मध्ये बर्लिन फिलहार्मॉनिकला जोडून अकादमी काढली, तिथे शिकाऊ वादक प्रत्यक्ष फिलहार्मॉनिकच्या बाकावर बसतात. मायामीत 1987 साली मायकेल टिल्सन टॉमस यांनी पदवीधरांसाठी तीन वर्षांपर्यंतची अकादमी सुरू केली. तिचं नाव न्यू वर्ल्ड सिंफनी. लंडनमध्ये 2002 साली साउथबँक सिन्फोनिया याच कामासाठी निघाली, दरवर्षी तीसेक पदवीधर घेणारी. सगळीकडे मूळ पद्धत एकच: जाणत्याच्या शेजारी नवखा.

आमच्या गावच्या भजनी मंडळात नवं पोर आलं की त्याला टाळ देऊन मागे बसवतात. अभंग म्हणायला सांगत नाहीत, पखवाजाला हात लावू देत नाहीत. तो टाळ वाजवतो, चुकतो, पखवाजवाला बुवा न थांबता नुसतं त्याच्याकडे बघतो. दोन-तीन वर्षांनी कधीतरी बुवा बघेनासा होतो, म्हणजे पोर बसलं. मायामीच्या अकादमीला काचेची इमारत आणि शिष्यवृत्ती आहे, पण बुवाचं ते बघणं तिथेही लागतंच.

मुंबईत ही बघणारी माणसं होती, फक्त ती सिनेमाच्या स्टुडिओत सापडत. गोव्याच्या चर्चशाळांतून व्हायोलिन आणि सोल्फेज शिकून आलेली पिढी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस 1943 मध्ये मुंबईत आले, नौशाद यांच्याकडे वाजवू लागले, आणि त्यांच्या हाताखाली प्यारेलाल शर्मा तयार झाले. गोन्साल्विस यांनी 1958 साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्सच्या चौकात शंभरावर वादक, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. तो प्रयोग टिकला नाही, आणि 1965 मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेले. आपल्या गुरूचं नाव प्यारेलालनी पुढे ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात अजरामर केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरुण प्यारेलाल व्हायोलिन घेऊन व्हिएन्नाला जायला निघाले होते, तिथल्या सिंफनी वाद्यवृंदात बसायला, आणि लक्ष्मीकांत कुडाळकरांनी त्यांना अडवलं, हे कमी जणांना ठाऊक असतं. अडवलं म्हणून आपल्याला लक्ष्मीकांत-प्यारेलाल मिळाले. त्यांच्या गाण्यांतले व्हायोलिनांचे जथे ऐकताना मला तरी व्हिएन्नाचं न काढलेलं तिकीट आठवतं.

2006 साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालियेव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. देशातला हा पहिला पूर्णवेळ व्यावसायिक वाद्यवृंद. 2019 मध्ये ब्रिटनचा दौराही करून आला. पण हंगामाच्या वेळी मंचावरच्या बऱ्याच खुर्च्यांवरची माणसं परदेशातून आलेली असतात. टीका म्हणून हे लिहीत नाही; 1919 पूर्वीचं शिकागो असंच होतं. मुलांना लहानपणापासून शिकवणारी अकादमी त्यांनी जोडून काढली आहे, आणि तिथली पोरं चांगली वाजवतात. नेमकी मधली पायरी मात्र रिकामी आहे. विशीतला, शिकून तयार झालेला ठाणे जिल्ह्यातला व्हायोलावाला पुढे कुठे जाणार? पूर्वी रेकॉर्डिंगला गेला असता. आता पडद्यामागचे चाळीस व्हायोलिन एका संगणकातून येतात. परदेशच्या अकादमीत जागा मिळाली तर जाईल, आणि मग परत कशाला येईल?

आता सिंफनीचे उरलेले भाग. तिसरा, स्केर्त्सो, वाद्यवृंदाचा खेळ आहे: एकाने अर्धवट टाकलेलं वाक्य दुसऱ्याने झेलायचं, मध्ये ट्रायँगलची किणकिण. चौथ्याबद्दल माझं मत सगळ्यांना पटत नाही. सुरुवात जबरदस्त, लगतच्या दोन सुरांची घुसळण वेग घेत जाते आणि इंजिन सुटल्यासारखे हॉर्न-ट्रम्पेट निघतात. पण पुढे द्वोर्झाक आधीच्या तिन्ही भागांतल्या चाली एकामागून एक पुन्हा बोलावतो, नाटक संपल्यावर नटमंडळी नमस्काराला येतात तशा. दोनदा बरं वाटतं, तिसऱ्यांदा पुरे वाटतं. या भागात झांजेचा सबंध सिंफनीतला एकुलता एक घाव आहे, तोही मोठा नाही. बेसावध असाल तर निसटतो. आणि शेवट मात्र पुन्हा वादकाने लिहिलेला आहे. ई मेजरचा दणदणीत स्वरसंवाद येतो, टाळ्यांसाठी हात उचलले जातात, आणि तेवढ्यात तारा थांबतात. फुंकवाद्यं तो स्वरसंवाद धरून राहतात आणि विरवत नेतात. जल्लोष करून थकलेल्या ओठांनी, दम संपत आलेला असताना.

नव्याने ऐकणाऱ्याला मी लार्गोपासून सुरुवात करायला सांगत नाही. ती चाल इतकी गोड आहे की तिच्याखाली काय चाललंय ते पहिल्या दहा वेळा ऐकूच येत नाही. स्केर्त्सोपासून सुरू करा, आणि एनसीपीएला जाणार असाल तर जमशेद भाभा नाट्यगृहात मधल्या महागड्या जागा सोडून बाजूच्या सज्जातली घ्या, जिथून व्हायोलावाल्यांचे हात दिसतात. त्यांच्याकडे बघत ऐका. चाल आपोआप कानावर येतच असते.